नारिंगी पट्टीचा वेटसूट

"कपडा पसंत करायचा तर आधी उलटा करा, मुलींनो! सुलटी बाजू सगळ्यांशीच गोड बोलते."

शाळेतल्या शिवणाच्या बाई दर तासाला हे बजावायच्या आणि टिटवीला दर तासाला हसू यायचं. दिसेल ते मोठ्यानं सांगत सुटते म्हणून घरात तिला सगळे टिटवीच म्हणत. आज किनाऱ्यावर आईशेजारी बसल्यावर तिला ते वाक्य पुन्हा आठवलं, पण हसू काही आलं नाही. आईचे ओठ जांभळे पडले होते आणि दात कडकडा वाजत होते.

"आई, चहा आणू?" दादानं विचारलं.

"न-नको रे. आ-आधी हा रबरी सूट उतरवते. पाठीवरून कुणी सारखं गार पाणी ओततंय असं वाटत होतं."

टिटवी, दादा आणि मामेभाऊ गोटू या तिघांना पोहायला आईनंच शिकवलं होतं. दर सुट्टीत ती कमरेभर पाण्यात उभी राहायची, त्यांच्या पोटाखाली हात धरून. तिची स्वतःची पाळी कधी आलीच नाही. म्हणून यंदा तिघांनी हट्ट करून तिचं नाव सर्फिंगच्या, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येण्याच्या, वर्गात घातलं होतं. आणि पहिल्याच दिवशी ही गत!

तेवढ्यात सर्फिंगचे सर मिशा पुसत आले.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण थंडीनं आखडलेल्या माणसाला मी लाटेवर सोडत नाही, जिवाशी खेळ होतो. उद्याही असंच झालं तर तुमचं नाव कमी करावं लागेल. बायकांना थंडी जरा जास्तच बाधते, काय करणार!"

 आईनं नुसती मान हलवली. टिटवी मात्र उठून उभी राहिली.

"सर, तुमचा सूट आणि आईचा सूट एकाच जाडीचे आहेत?" तिनं विचारलं.

"अगदी एकाच! उलट बायकांच्या सुटांना मी खास नारिंगी पट्टी लावलीये. कशी झोकदार दिसते!"

सर गेले आणि आई कपडे बदलायला गेली. टिटवीनं लगेच दोघांना जवळ ओढलं.

"काहीतरी गडबड आहे! वर्गात तीन बायका, तिघीही कुडकुडल्या. पाच पुरुष, पाचही मजेत! त्यातले ते घड्याळजी आजोबा तर सत्तरीचे आहेत!"

"पण सर म्हणाले ना, बायकांना..."

"गोट्या, माझी आई बारा महिने गार पाण्यानं आंघोळ करते! तू गरम पाण्यातही ओरडतोस!"

"मी ओरडत नाही, गातो!"

सूट वाळत घालायच्या निमित्तानं तिघं दुकानामागच्या अंगणात शिरले. दोऱ्यांवर ओळीनं सूट लटकत होते. टिटवीनं आईचा सूट उचलला आणि बाईंचं ऐकून आधी उलटा केला. दादानं तो उन्हाकडे धरला.

"अगं बाई! ही तर चाळणी!" टिटवी ओरडली.

काखेपासून घोट्यापर्यंत बारीक भोकांच्या दोन ओळी उजेडात चमकत होत्या. नारिंगी पट्टी मशीनवर शिवली होती आणि प्रत्येक टाका रबराच्या आरपार गेला होता!

"रबराला एकदा भोक पडलं की ते मिटत नाही," टिटवी म्हणाली.

"म्हणूनच!" दादानं टाळी वाजवली. "सूट गळ्या-मनगटांतून थोडंसं पाणी आत घेतो, अंग ते तापवतं आणि मग तेच पांघरुणासारखं ऊब देतं. इथं तर ऊबदार पाणी पळतंय आणि गार पाणी घुसतंय!"

"आणि मानेजवळची ही चिठ्ठी वाचा," गोटू म्हणाला. "'पुरुष. लहान माप.' हा बायकांचा सूटच नाही मुळी!"

"म्हणून आईच्या कमरेपाशी पोकळ राहत होता!" टिटवी म्हणाली. " चला, सरांना सांगू या."

"सांगितलं तर म्हणतील, पोरं शहाणपणा करतायत," दादा हसला. "सांगायचं नाही. दाखवायचं!"

थोड्याच वेळात सर अंगणात आले, तर तिघं समुद्राच्या पाण्याच्या बादल्या घेऊन बसलेले!

"सर, आमची पैज लागलीये," गोटू भोळा चेहरा करून म्हणाला. "तुमच्या सुटाच्या पायात पाणी भरलं तर टिकेल?"

"माझ्या? थेंबसुद्धा गळणार नाही!"

घोट्याशी दोरी आवळून पायात अर्धी बादली ओतली. खरंच, थेंब गळला नाही! सरांच्या मिशा फुलल्या.

"आणि बायकांच्या सुटातून?" टिटवीनं विचारलं.

"त्यातूनही नाही! माझी हमी!"

"हमी म्हणजे... डोक्यावर धराल?"

"आणा इकडे!"

सरांनी नारिंगी पट्टीच्या सुटाचा, घोट्याशी तसाच बांधलेला पाय डोक्यावर धरला. दादानं त्यात बादली ओतली. दुसऱ्याच क्षणी पट्टीतून झारीसारख्या धारा सुटल्या! सरांच्या कानांवरून, मानेवरून, पाठीवरून!

"आई गंऽऽ! गार! गार आहे!"

"सर," टिटवी हळूच म्हणाली, "पुरुषांनाही थंडी जरा जास्तच बाधते का हो?"

आवाज ऐकून आई धावत आली. सर नखशिखांत भिजले होते. त्यांनी सूट उलटा करून बोटानं एकेक भोक चाचपलं आणि मग ते खालीच बसले.

"पट्ट्या मीच शिवल्या. बायका म्हणायच्या, सूट फार रुक्ष दिसतात. मला वाटलं, रंग दिला की झालं!"

"बायकांच्या मापाचे नाहीतच का?" दादानं विचारलं.

"आहेत ना, एक खोकं माळ्यावर पडलंय. गडद रंगाचे दिसले, म्हणून मी नीट उघडलंसुद्धा नाही."

खोकं खाली आलं आणि आईची परीक्षा सुरू झाली.

"आई, हात वर कर!"

"का गं? चोर सापडला का?"

पहिला सूट खांद्यात अडला. दुसरा गळ्याशी काचला. तिसरा गडद निळा होता, खांद्यांवर डाळिंबी रंग, आणि शिवण कमरेपाशी छान वळलेली. आई त्यात उकिडवी बसली, वाकली, तिनं खोल श्वास घेतला. पाठीची चेन लांब दोरीनं तिची तिलाच ओढता आली. टिटवीनं तिच्या पाठीवरून तळवा फिरवला. कुठं पोकळ नाही की चुणी नाही!

आई आरशात बघून लाजली. "रंग जरा... या वयात..."

"आत्या, डॉल्फिनसारखी दिसतेस!" गोटू ओरडला.

"जाड म्हणतोस काय रे मला?"

"नाही गं! चकाकतेस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पाण्यात पाऊल टाकण्याआधी क्षणभर डोळे मिटून हात जोडले. तिघं काठावर घड्याळ धरून बसले. पंधरा मिनिटं झाली... वीस झाली... आई पडत होती, पण कापत नव्हती! पाच वेळा पडली. सहाव्यांदा फळीवर उभी राहिली आणि लाटेबरोबर थेट वाळूपर्यंत आली!

"आईऽऽ!" तिघं पाण्यात धावले.

"शाब्बास, पोरांनो!" घड्याळजी आजोबा म्हणाले. "उघडून बघितल्याशिवाय बिघाड कळत नाही, हे माझ्या धंद्यातलं गुपित तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला तर त्यांनी चांगलंच धुतलं," सर म्हणाले. "पण उपकारच झाले."

आईनं तिघांना ओल्या मिठीत घेतलं. "इतकी वर्षं मी तुम्हाला धरून उभी होते," ती म्हणाली, "आज तुम्ही मला धरलंत." 

मग आईनं सरांकडे वळून विचारलं, "सर, माझ्याआधी किती जणींची नावं कमी केलीत?"

सरांनी बोटांवर मोजलं. "या हंगामात पाच."

"त्या पाचही जणी घरी बसून म्हणत असतील, आपल्याच अंगात बळ नाही."

सरांची मान खाली गेली. "प्रत्येकीच्या दारात जाऊन सांगेन, चूक माझी होती म्हणून. शब्द देतो, ताई."

वर्ग सुटला. आई पुन्हा एकदा पाण्यात शिरली, गोटू आणि दादा कोण आधी पोचतो म्हणून भांडत तिच्यामागे पळाले. टिटवी चपला शोधायला मागे राहिली. सरांनी फळ्या आत ठेवल्या, कोरडा सदरा चढवला, एका कागदावर पाच नावं लिहून घडी खिशात टाकली. कुणाला काही न सांगता ते चढावाची वाट चालू लागले, यादीत पहिलं नाव असलेल्या पाववाल्या बाईंच्या दुकानाकडे.