होडी आणि रंगारी

डोकं पुसायला दोघांनी एकाच नॅपकिनला हात घातला, तिथून हे सुरू झालं.

तेव्हा न्यूरोफीडबॅक हा शब्द कुणाला धड उच्चारताही येत नसे. मेंदूला मार लागलेल्यांसाठीचा हा उपचार: डोक्याला चिकट लेप लावून तारा बसवायच्या आणि पडद्यावरची होडी नुसत्या लक्षाने चालवायची. मन एकाग्र असलं की होडी पुढे, भरकटलं की उभी. ती कपडे शिवणारी. स्कूटरवरून पडून डोक्याला मार बसल्यापासून कापडाला कात्री लावली की माप डोक्यातून पुसलं जाई. आई बंद पडलेलं शिवणाचं दुकान विकायचं म्हणत होती, ही ऐकत नव्हती. तो रंगारी, शिडीवरून पडलेला. बोलताना त्याला मधेच शब्द सापडत नसे.

"आधी तुम्ही पुसा," तो म्हणाला. "मला काय, डोक्याला रंग फासून घ्यायची सवयच आहे."

अपघातानंतर ती पहिल्यांदा हसली.

मग तिची होडी अडू लागली. आपल्या पाळीची वाट पाहत तो बाहेर शीळ घाली; ती कानावर आली की होडी जागच्या जागी उभी. तारा लावणाऱ्या ताई गालातल्या गालात हसत, पण ती चिडली. दुकान उघडायचं की कुणाच्या शिळेकडे कान लावायचे? तिने आपली वेळच बदलून घेतली.

होडी आणखीच अडली. आता शीळ का येत नाही, याकडे कान!

मुकाट्याने ती जुन्या वेळेला परतली आणि त्याला म्हणाली, "आत या. शेजारी बसून बोलत राहा."

"आणि होडी?"

"गिऱ्हाईकं काय तोंड शिवून बसतात? मला बोलण्यातच कापड कापायचंय."

तो भिंतींच्या, रंगांच्या गोष्टी सांगे. कित्येक दिवस होडी हलली नाही. ती दात-ओठ खात बसे, पण त्याला थांबू देत नसे. मग होडी इंच इंच सरकू लागली.

एक दिवस ती छान चालली असताना तो गप्प झाला.

"शब्द सापडत नाहीये?" पडद्यावरची नजर न काढता तिने विचारलं.

"सापडलाय… पण तुमची होडी थांबेल."

"नाही थांबणार. बोला."

"लग्न," तो म्हणाला. "माझ्याशी… कराल?"

होडी जराशी डगमगली— आणि चालत राहिली. काठाला लागल्यावरच तिने मान वळवली आणि हो म्हटलं.

दुकान उघडलं तेव्हा तिने कापायला घेतलेला पहिला सदरा त्याचाच होता, लग्नात घालायचा. तो समोर स्टुलावर बसून अखंड बडबडत होता. तिची कात्री एकदाही थांबली नाही.