पाणंद गिळणारं कुंपण

"कोण पळायचं न्हाय. जो पळंल त्याच्यामागं कुत्री लागत्यात," असं दबक्या आवाजात सांगून कृष्णात स्वतःच सगळ्यांच्या आधी बांधावर चढला.

जया मात्र जागची हलली नाही. त्यात शौर्य काही नव्हतं. तिचे पायच उचलेनात. मारुतीरावांच्या मळ्यातली वासराएवढी दोन कुत्री पाणंदीतून थेट तिच्या अंगावर येत होती. दहा हात, आठ हात, पाच हात. आणि एकाएकी दोन्ही कुत्री थबकली. मध्ये भिंत नव्हती, काटेरी कुंपण नव्हतं, साधी दोरीसुद्धा नव्हती. तरी पुढचं कुत्रं मान झटकून दोन पावलं मागं सरलं आणि तिथल्या तिथं येरझारा घालत भुंकू लागलं.

"आयला, कबड्डीत रेघ बघून थांबावं तशी थांबली की," बांधावरून कृष्णात म्हणाला.

"तुला दिसतीया का रेघ?" जयानं विचारलं.

"न्हाय."

"मग त्यांस्नी कशी दिसली?"

याचं उत्तर कृष्णातकडे नव्हतं. त्याच्याकडे उत्तरं कमीच असत, पण गावच्या कबड्डी संघाचा तो कप्तान होता आणि ते त्याला पुरत असे.

दिवाळीची सुट्टी लागली होती. निपाणीपासून चार मैलांवरच्या त्यांच्या गावात पोरं किल्ले बांधत होती, पण जयाचं चित्त कशातच नव्हतं. तिच्या आईचं, पारूबाईचं, दोन एकर रान मारुतीरावांच्या मळ्याच्या पलीकडं होतं. तिथं जायला गाडी जाईल अशी वाट एकच, ती म्हणजे मळ्याला लागून गेलेली ही गावची पाणंद. रानात भुईमूग उपटून त्याचे ढीग घातलेले होते, आणि पंधरा दिवसांपासून ही कुत्री पाणंदीत कुणाला पाऊल टाकू देत नव्हती. पहिल्याच दिवशी गाडीचे बैल बिथरले, जू मोडलं. तेव्हापासून एकही गाडीवान यायला तयार नव्हता. वर आभाळ भरून येत होतं. उपटलेल्या भुईमुगावर पाऊस पडला की शेंगा काळ्या पडतात, मोड येतात. मायलेकींचं वर्षाचं पीक तेवढंच होतं.

पारूबाईनं पंचायतीत तक्रार केली. चेअरमन आण्णाप्पा स्वतः येऊन पाणंद बघून गेले. मारुतीराव सोबत होते आणि कुत्री मालकाच्या पायाशी शेपट्या हलवत बसली होती.

"कुंपण कुठं हाय, पारूबाई? ना गेट, ना तार. वाट तर मोकळी हाय," चेअरमन म्हणाले.

"माझी कुत्री माझ्या हद्दीबाहेर पाऊल टाकत नाहीत," मारुतीराव छाती काढून म्हणाले. "पुतण्यानं अमेरिकेहून तसा बंदोबस्तच आणून दिलाय."

झालं. लोक म्हणाले, बाई उगीच मोठ्या माणसाच्या नावानं खडे फोडते. त्या रात्री पारूबाई जेवली नाही. "शेंगा गेल्या तर गेल्या गं," ती म्हणाली, "पर चार लोकांत मी खोटी ठरलो." ते वाक्य जयाला काट्यासारखं सलत होतं. म्हणूनच आज ती पाणंदीत आली होती.

"जरा गप्प बसा दोघं," मागून धर्मराज म्हणाला. टोळीतला हा तिसरा. त्याचे वडील बेळगावात टेलिफोन खात्यात होते आणि सुट्टीला तो मामाकडं गावी येई. त्याच्या कानाला चोवीस तास ट्रान्झिस्टर लावलेला असायचा. आत्ता तो ट्रान्झिस्टर हातात धरून पुढं सरत होता. धारवाड केंद्राचं गाणं विरत गेलं आणि त्याजागी भुंग्यासारखी गुणगुण सुरू झाली. तो मागं आला, गाणं परत आलं. पुढं गेला, भुंगा परत आला. तो भुंगा नेमका कुत्री थांबली होती तिथंच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता.

धर्मराजचे डोळे चमकले. "इथं जमिनीखाली तार पुरलेली आहे. तारेत करंट खेळतोय, म्हणून रेडिओ कुरकुरतो. आणि कुत्र्यांच्या पट्ट्याला ती काळी डबी बघितलीस? तारेजवळ आलं की ती डबी आधी वाजत असणार, आणि पुढं गेलं तर गळ्याला चटका."

"म्हंजे कुत्र्याच्या गळ्यात रेडिओ?" कृष्णातनं डोळे विस्फारले.

"तसंच समज. फक्त त्याच्यावर गाणी लागत नाहीत."

जया मात्र हद्दीच्या दगडाकडं बघत होती. मळ्याचा तो जुना दगड पाणंदीच्या अलीकडं, मळ्याच्या बाजूला होता. आणि कुत्री थांबली होती ती पाणंद ओलांडून, पलीकडच्या गायरानाच्या कडेला.

"म्हंजे तार दगडाच्या भाईर हाय," ती सावकाश म्हणाली. "आख्खी पाणंद कुंपणाच्या आत गेलीया. पर न दिसणारं कुंपण चेअरमनला दाखवायचं कसं?"

यावर मात्र कप्तानाकडे उत्तर होतं. "त्यात काय अवघड हाय? आमी रोज रेघा मारतोय की. फक्की आणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी कबड्डीच्या मैदानावरची चुन्याची फक्की दोन बुट्ट्या भरून आली. धर्मराज तारेच्या बाहेरच्या अंगानं ट्रान्झिस्टर जमिनीलगत धरून चालायचा, भुंगा मोठा झाला की "हां" म्हणायचा, जया तिथं खूण करायची आणि कृष्णात फक्कीची धार सोडायचा. आतून दोन्ही कुत्री बरोबरीनं चालत होती आणि जीव खाऊन भुंकत होती.

"पंच लई दंगा करायला लागल्यात," कृष्णात म्हणाला.

निम्मी रेघ झाली आणि ट्रान्झिस्टरमधला भुंगा अचानक जाऊन गाणं लागलं. मळ्यातली पाण्याची मोटारही बंद पडली. तिघांनी एकमेकांकडं बघितलं.

"लाईट गेली," धर्मराज पुटपुटला.

लाईट गेली म्हणजे कुंपणही गेलं. कृष्णातचा एक पाय मागं सरकू लागला. जयानं त्याचा सदरा घट्ट धरला. "हलायचं न्हाय. कुत्र्यांस्नी ठावं न्हाय अजून. आपण पळालो तर कळंल." थोरलं कुत्रं रेघेपाशी आलं. वास घेतला. डबी वाजते का म्हणून कान टवकारले. मग एक पंजा उचलून हळूच रेघेवर ठेवला. जयानं सदरा सोडला नाही. कुत्र्यानं दुसरा पंजा उचलला, आणि तेवढ्यात मोटार घरघरली, ट्रान्झिस्टर गुणगुणू लागला. कुत्रं दचकून मागं उडालं आणि पार दगडापर्यंत पळालं.

"फाटला की गं सदरा," सदऱ्याचं टोक चाचपत कृष्णात म्हणाला.

पोरांच्या बोलावण्यावरून दहा वाजता चेअरमन, मारुतीराव आणि निम्मं गाव पाणंदीच्या तोंडाशी जमलं. पांढरी शुभ्र रेघ दगडापासून चाळीस पावलं बाहेर येऊन, पाणंद पोटात घेऊन, गायरानाच्या कडेनं फिरली होती.

मारुतीराव हसले. "पोरांनो, आज इथं रेघ मारली, उद्या माझ्या ओसरीत माराल."

जयाला एवढ्या लोकांत बोलायची सवय नव्हती. पण गर्दीच्या मागं खाली मान घालून उभी असलेली आई तिला दिसली आणि शब्द आपोआप बाहेर आले.

"मारुतीकाका, रेघ आमी मारली, खरं हाय. पर कुत्र्यांस्नी आमी कायबी शिकवलं न्हाय. तुमी हितं रेघेच्या भाईर उभं राहा आन् त्यांस्नी हाक मारा."

"कर्नल! मेजर!" मारुतीरावांनी ऐटीत हाक दिली.

मालकाचा आवाज ऐकून कुत्री शेपट्या उडवत धावली. हद्दीचा दगड मागं टाकला, पाणंद ओलांडली, आणि रेघेपाशी येऊन गच्च थांबली. मालक तीन हातांवर उभा होता. कुत्री कुंईकुंई करत होती, लोळत होती, पण रेघ ओलांडेनात. मारुतीरावांनी आणखी दोनदा हाक मारली. मग त्यांचा चेहरा उतरला. ते रेघेकडं बघत राहिले, मग दगडाकडं, आणि सावकाश वळून म्हणाले, "भावकू, इकडं ये."

मळ्याचा कारभारी भावकू टोपी चुरगाळत पुढं आला. "मालक, तार लई लांब निगाली. दगडापत्तूर घातली तर भेंडोळंभर उरत हुती. फॉरेनची तार... कापायला हात धजला न्हाय. म्हटलं, जरा फिरवून आणावी."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी पाणंद हसण्यात बुडाली. मारुतीराव तेवढे हसले नाहीत. ते गर्दी सारत पारूबाईपुढं गेले आणि त्यांनी हात जोडले.

"वहिनी, तार कुठवर घातली ते मी स्वतः बघायला हवं होतं. न बघता बोललो. चूक माझी आहे."

चेअरमननी घसा खाकरला. "आन् मी बगूनबी मला दिसलं न्हाय. सगळ्यांनी ऐका, पारूबाई खरं बोलत हुत्या. आमी खोटं ठरलो. आन् हे सुदरायला चेअरमन लागला न्हाय, ही तीन पोरं लागली."

कुदळी आल्या. तार उकरून दगडाच्या आत घेतली गेली. उरलेली तार मारुतीरावांनी स्वतः कापली, तेव्हा भावकूनं डोळे मिटून घेतले. मळ्याचा ट्रॅक्टर बाहेर निघाला, गावातल्या दोन बैलगाड्याही आल्या, पण गाडीवान पाणंदीच्या तोंडाशी अडून राहिले. बैल बिथरलेले त्यांना आठवत होते.

तेव्हा पारूबाईनं पदर खोचला आणि कुणाशी काही न बोलता सगळ्यांच्या पुढं चालू लागली. कुत्री दगडापर्यंत धावत आली, थांबली, भुंकली. तिनं तिकडं मान वळवूनही बघितलं नाही. तिच्यामागं गाड्या हलल्या. इतके दिवस खाली घातलेली आईची मान आज ताठ होती. ते बघताना जयाला रडूही येत होतं आणि हसूही.

संध्याकाळी शेवटची गाडी दारात रिकामी झाली, तेव्हा घराचा पुढचा सोपा शेंगांनी भरला होता आणि पायरीवर तिघं फक्कीनं पांढरे झालेले वीर पसाभर ओल्या शेंगा फोडत बसले होते. थोड्या वेळानं पाऊस आला. पारूबाई उंबऱ्यात उभी राहून तो बघत होती.

"पडू दे," ती म्हणाली. "आता किती पडायचा त्यो पडू दे."