तळहाताला आलेली हाक

त्या संध्याकाळी बाई शाळेत मागे राहिल्या त्या अगदी साध्या कारणानं. शेवटच्या मुलीचे वडील ट्रक घेऊन वाटेत अडकले होते. कर्णबधिर मुलांची शाळा ती. सुटली की नुसती पावलं वाजायची, मग तीही नाहीत.

मुलगी सात वर्षांची, जन्मापासून ठार बहिरी, पण मोठी चुणचुणीत. तिला रमवायला बाईंनी नवी पाटी काढली. लाकडी चौकट, मध्ये मऊ रबर. माइकमध्ये शब्द बोलला की रबर थरथरतं. मुलांनी त्यावर तळहात ठेवायचा आणि शब्द कातडीनं ओळखायचा. ‘पाणी’ची थरथर वेगळी, ‘दार’ची वेगळी. महिन्याभरात हिनं चाळीस शब्द ओळखले होते.

थोड्या वेळानं माइक कपाटात ठेवून बाई वडिलांना फोन करायला बाहेर गेल्या. परतल्या तेव्हा वर्गात अंधारून आलं होतं. ओल्या खडूचा वास दाटला होता. मुलगी डोळे मिटून, पाटीवर हात ठेवून, जाड अडखळत्या आवाजात काहीतरी म्हणत होती.

“खा... रू. खा... रू.”

हा शब्द बाईंनी शिकवलाच नव्हता. त्यांनी कपाट उघडलं. माइक तिथंच होता, वायर गुंडाळलेली.

“कुणी शिकवलं?” त्यांनी खुणेनं विचारलं.

मुलीनं पाटीकडे बोट दाखवलं आणि पुन्हा म्हणाली, “खा... रू.”

तेवढ्यात वडील धापा टाकत आले. “माफ करा बाई, टायर बसला...” आणि दारातच थबकले. “हे... हे तिला कुणी सांगितलं?”

“का? काय झालं?”

ते मटकन बाकावर बसले. “ही पोटात होती ना, तेव्हा तिची आई पोटावर हात ठेवून हाक मारायची. खारू, झोपलीस का गं... बाळंतपणात गेली ती. मी ते नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही, बाई. आणि काढलं असतं तरी हिला कुठे ऐकू...”

बाईंनी पाटीवरच्या त्या छोट्या तळहाताकडे पाहिलं. कानांनी नसेल ऐकली या पोरीनं आईची हाक. पण अंगानं?

मुलीनं वडिलांचा हात ओढून पाटीवर ठेवला. तो रखरखीत हात कितीतरी वेळ तसाच होता. मग ते हळूच म्हणाले, “हो गं... जेवते नीट. सांभाळतोय मी.”

थोड्या वेळानं मुलीनं खूण केली. आई गेली.

बापलेक घरी गेले. बाईंनी पाटीचं बटण बंद केलं, प्लग काढला. उचलायला हात लावला, तर रबर अजून थरथरत होतं. ‘खारू’ नव्हे. हे दुसरंच कुणीतरी होतं. अडखळत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत... नवी मुलं पहिल्या दिवशी बोलू पाहतात, तसं. शब्द एकच होता, तीन अक्षरांचा. पहिली दोन अक्षरं बाईंच्याच नावाची होती.

बाईंनी हात काढला नाही. श्वास रोखून त्या वाट पाहत राहिल्या.

तिसरं अक्षर त्याला काही केल्या जमत नव्हतं.