क्रोवेलचं मत

२००५ च्या नोव्हेंबरातला शनिवार होता. मी तेव्हा हूफडॉर्प या डच गावातल्या एका ऑफिसात जुनी कागदपत्रं स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवायचं काम करायचे. त्या दिवशी नायमेखन शहरापलीकडच्या एका शेतघरात जायचं होतं. स्कॅनर जड, म्हणून माझा नवरा उल्हास सोबत आला.

घरमालक मेनेर, म्हणजे मिस्टर, ब्राउवर ऐंशीच्या घरातले. त्यांचे खापरपणजोबा अमेरिकेत, तिथल्या एका राज्याच्या विधिमंडळात कारकून होते. १८५० च्या सुमाराला एकाएकी नोकरी सोडून परतले, ते सभागृहाची नोंदवही घेऊनच. तीच स्कॅन करायची होती. वही मागच्या खोलीत टेबलावर ठेवून म्हातारबुवा मेंढ्यांकडे गेले. खोलीत दोनच खुर्च्या. खिडकीबाहेर भरदुपारी इतकं धुकं, की कालवासुद्धा दिसेना.

उल्हास नावं वाचत होता, मी टाइप करत होते. पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकांच्या हवाली करायचं विधेयक होतं. सदस्याचं नाव, पुढे मत. होकार, होकार, पानभर होकार. फक्त इलायस क्रोवेल या नावापुढचा रकाना कोरा. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं : 'दारं बंद करण्यात आली.'

"ह्याचं मत लिहिलंच नाही," मी म्हटलं.

"मी देतो ना!" उल्हासने हसत शाळेतल्या हजेरीसारखा हात वर केला. "नो!"

आमच्या मागे खुर्च्या सरकल्या. एक-दोन नाही... पन्नास-साठ.

ओल्या लोकरीचा आणि चघळलेल्या तंबाखूचा वास खोलीत दाटला.

"वृंदा... कोण आहे गं?"

मी मान वळवायच्या आत त्याचं कपाळ टेबलावर आपटलं. कुणीतरी मुठीत धरल्यासारखे त्याचे केस ताणले गेले होते. दिसत मात्र कुणीच नव्हतं. खांद्यावर शर्ट टरकन फाटला आणि रक्त वहीवर उडालं. पुन्हा वार. पुन्हा. तो खाली कोसळला, तरी बुटांचे आवाज त्याच्याभोवती गर्दी करतच राहिले. मी दाराकडे धावले. त्या दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं, तरी ते हलेना.

आणि त्या सगळ्या गदारोळात, अगदी माझ्या कानापाशी, एक थरथरता आवाज इंग्रजीत पुकारत होता, "मिस्टर क्रोवेल... आपलं मत? मिस्टर क्रोवेल..."

तो कारकूनच. भीतीने त्या दिवशी ज्याने क्रोवेलचं मत लिहिलं नव्हतं, तो.

मी परत टेबलाकडे धावले, वही ओढली. टेबलावरचं पेन रक्ताने निसटत होतं. कोऱ्या रकान्यात ठसठशीत 'नो' लिहिलं आणि मराठीतच किंचाळले, "लिहिलं! लिहिलंय मी त्याचं मत! सोडा त्याला!"

लाकडावर लाकडी हातोड्याचे तीन ठोके पडले. मग काहीच नाही.

दार उघडलं. बाहेर मेनेर ब्राउवर उभे होते, हातात चाऱ्याची बादली. त्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

उल्हास वाचला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधला सर्जन एक्स-रे घेऊन आला.

"खांद्यात चाकूचं टोक मोडून राहिलंय," तो म्हणाला. "पण त्याच्याभोवती हाड वाढलंय. हे आत जाऊन कित्येक वर्षं झालीत. आधी कधी हल्ला झाला होता?"

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्या खांद्यावर मी कधी ओरखडाही पाहिला नव्हता.

"नाही," मी म्हटलं.

"हो," छताकडे बघत उल्हास हळूच म्हणाला. "एकदा... दारं बंद करून, सगळ्यांनी मिळून."