डावखुऱ्या गाठी

वसंतात सॅमन मासे समुद्रातून नदीत शिरायच्या आत आम्ही नदीचा तळ साफ करून घेतो, अंगण झाडावं तसा. पुरानं आणलेले ओंडके तळाशी रुतून बसतात. वाहतं जाळं त्यांत अडकलं की चिंध्या. म्हणून एका पट्ट्यात जाळी सोडणारे आम्ही सगळे मिळून पाणबुड्या बोलावतो. जो ओंडके ओढतो त्याचा तो पट्टा. अमेरिकेत येऊन अस्टोरियात वसलेल्या आम्हा फिनिश कोळ्यांचा हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण मोडतही कुणी नाही.

त्या वर्षी मी माझा मेव्हणा उर्हो याच्या जागी उभा होतो. आदल्या ऑगस्टात धुक्यात त्याची नाव सापडली होती. जाळं पाण्यात, कॉफीचा डबा उघडा, आणि उर्हो नाही. माझी बहीण लेम्पी चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना करू देत नव्हती. म्हणायची, "नदीनं आधी काहीतरी हातात द्यावं. मग रडेन."

वाइनो पाणबुड्या वर आला. शिरस्त्राण काढून म्हणाला, "साखळ्या गुंडाळा. खाली काम नाही."

"एवढा पूर येऊन गेला आणि काम नाही?" एइनो म्हातारा म्हणाला. "झोपला होतास काय रे खाली?"

"तळ स्वच्छ आहे. ओंडके कडेला रचून ठेवलेत. सरपण रचतात तसे."

कुणी हसलं नाही. धक्क्यावरून लेम्पीनं विचारलं, "माणूस दिसला?"

"नाही, वहिनी."

मे महिन्यात मासे पळवायला आलेल्या एका सीलनं जाळं फाडलं. वर ओढताना मी भोक नीट पाहिलं, मांडी जाईल एवढं. ओहोटी शिल्लक होती, म्हणून तसंच पुन्हा सोडलं. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा भोक नव्हतं. मला वाटलं, जागा चुकलो.

घरी जाळं वाळत घालताना लेम्पीची बोटं एका ठिकाणी थांबली.

"दादा, हे कुणी विणलं?"

"तूच विणलं असशील."

"माझ्या गाठींना शेपटं असतात."

खरंच होतं. ती सुताची टोकं लांब सोडायची. उर्हो त्यांना मांजरीच्या मिश्या म्हणून चिडवायचा. या गाठी बिनमिश्यांच्या होत्या, आणि डावीकडे वळलेल्या. आमच्या पट्ट्यात डावखुरा एकटा उर्हो.

मी भरती-ओहोटीच्या तक्त्यावर विश्वास ठेवणारा माणूस. कुणीतरी थट्टा करतंय म्हणून मी जाळ्याच्या खोलीला कुलूप घातलं. थट्टा थांबली नाही.

मग लेम्पीनं विणणं सोडलं आणि कापायला सुरुवात केली. रोज कात्रीनं जाळ्याचं एक घर, दोन घरं. मी पाहायचो आणि तसंच जाळं सोडायचो. वर यायचं ते सांधलेलं. तिच्या गालांवर रंग आला. ती केस विंचरू लागली, वेलदोड्याचा पाव भाजू लागली, आणि कणीक मळता मळता गुणगुणू लागली:

*नदीबाई, नदीबाई, तुझं बोलणं गं खोटं,*
*मासे धाडतेस माघारी, माझा माणूस गं कुठं?*

"लेम्पी, पुरे आता," मी एकदा म्हणालो.

"मासा सगळा समुद्र भटकून येतो आणि जन्माच्या खड्यांवरच अंडी घालतो. याला दोन वळणांवरचं घर सापडू नये? हात पोचतात, मग पाय का नाही पोचत?"

ऑगस्टात हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी तिनं जाळ्याच्या मधोमध दाराएवढं भोक कापलं.

"एवढ्यातून माणूस येतो," ती म्हणाली.

"जातोही."

ती हसली. "जाळं सोड, दादा."

मी निघालो तेव्हा ती धक्क्यावर उभी होती. नदीवर तांबूस ऊन होतं. जाळ्याची बुचं ओळीनं तरंगत होती.

मधली बुचं बुडाली. मोठा मासा लागला की बुडतात, तशी.

वर आली.

पुन्हा बुडाली. पुन्हा वर. सावकाश, एका लयीत. मासा असा धडपडत नाही. असं विणतात.

मी जाळं ओढलं. मासा एकही नव्हता. भोक बुजलेलं होतं.

एका कडेच्या गाठी डाव्या, बिनमिश्यांच्या. दुसऱ्या कडेच्या गाठींना लांब लांब शेपटं.

दोन्ही कडा मधोमध भेटल्या होत्या. शेवटची गाठ कुणाची, ते मला ओळखता आलं नाही.

मी नाव भरधाव हाकली. धक्का रिकामा होता. घराचं दार उघडं होतं.

लेम्पी चुलीपाशी उभी होती. केस कोरडे. झगा कोरडा.

"आलास? बस. कॉफी झालीय."

जाळ्याचं तिनं विचारलं नाही.

"दादा, पाद्रीबुवांना सांग, रविवारी प्रार्थना करा म्हणावं. आता चालेल मला."

हे ऐकायला मी वर्षभर थांबलो होतो. मान हलवून मी कपासाठी हात पुढे केला. बशी धरलेली तिची बोटं पांढरीफटक होती, टोकांशी सुरकुतलेली. अंगठ्यावर सुतानं पडलेली ताजी चीर होती, आणि त्या चिरेतून बशीत थेंब थेंब गढूळ पाणी पडत होतं.