वाजवून पारखलेलं नाणं

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ पक्की सांगते, कारण देगलूरची एस.टी. तेव्हाच आमच्या फाट्यावर थांबायची, आणि त्या दिवशी तिच्यातून सिद्धम्मा नावाची म्हातारी उतरली.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्याच्यानंतरची गोष्ट. तिकडं नव्या कचेऱ्या उठत होत्या अन् इकडं आमच्या आडाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. बायका अंगावरची चांदी मोडून कडबा घेत होत्या. आमचे हे, श्रीमंतराव, उदगीरला सराफाच्या दुकानात काम केलेले. खेड्यापाड्यातली जुनी नाणी घ्यायचे अन् हैदराबादचा एक साहेब येऊन ती न्यायचा. त्याला डच लोकांची चांदीची नाणी हवी असायची. मागं कधीतरी मच्छलीपट्टणच्या बंदरावर त्यांची जहाजं यायची, तिथून ती चांदी आपल्या मुलखात आली, असं तो सांगायचा. त्यातल्या एका नाण्यावर तलवार उपसलेला घोडेस्वार असतो. त्या घोडेस्वाराची खोटी नाणी फार निघतात, म्हणून पारखून घ्यावं लागतं. आधी तोलायचं, मग कसोटीवर घासायचं, मग शहाबादी फरशीवर टाकून आवाज ऐकायचा. आत शिसं असलं की बद्द वाजतं. तरी संशय राहिला तर कडेला छिन्नी मारून बघायचं.

सिद्धम्मा सत्तरीची असेल. एवढ्या उन्हातून आली, पण पाणी मागितलं नाही. आधी पाळण्याकडं बघितलं.

"किती महिन्याचं हाय?"

"आठवा सरला," मी म्हणाले. "कांता नाव ठेवलंय."

"रडतंय का चांगलं?"

सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रडती न्हाई तर काय. गावच्या आडाला पाणी न्हाई, पर हिच्या डोळ्याला धार हाय."

सिद्धम्मा हसली. कमरेच्या पिशवीतून कापसाचा एक गोळा काढला अन् त्यातून नाणं उलगडलं. कापूस इतका दाट, जणू आत काचेचं काही असावं. ह्यांनी नाणं तोललं, घासलं.

"पावणेतीन तोळं. चांदी बी बरोबर हाय. काय घेणार, आजी?"

"ते नंतर. आदी वाजवून बघा. तीनदा वाजवा."

"आता तुमी शिकिवणार का मला?" म्हणत ह्यांनी नाणं फरशीवर टाकलं.

आवाज आला नाही. चिंधी पडावी तसं पडलं. ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या अन् पुन्हा टाकलं. तरी नाही. आडातल्या वाळल्या गाळाचा वास एकदम घरात भरला. लिंबावर दुपारभर कावळे ओरडत असायचे, तेही थांबले. पाळण्यात कांता उठून रडायला लागली होती, तेवढाच काय तो आवाज.

तिसऱ्यांदा नाणं वाजलं.

बारीक, लांब आवाज. चढत गेला, मधेच अडकला, दम घेतला अन् पुन्हा चढला. मी पुष्कळ नाणी वाजताना ऐकली आहेत. नाणं दम घेत नाही.

मी पाळण्याकडं वळले. कांताचं तोंड उघडं होतं. चेहरा लाल, डोळ्यातून पाणी, मुठी आवळलेल्या. रडत होती. पण ऐकू येत नव्हती.

"अहो... पोरगी बघा... आवाज न्हाई येत..."

"गप बस की जरा. नाण्याचा आवाज ऐकू दे."

सिद्धम्मानं हातावर पडले तेवढे पैसे न बघता कनवटीला लावले. उंबऱ्यावर थांबून विचारलं, "अस्सल हाय न्हवं?" अन् एस.टी.ची वाट न बघता उन्हात पळत सुटली. सत्तरीची बाई, पळत.

सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं गप झाली. आता घडीभर डोळा तरी लागंल."

उदगीरला दाखवलं, लातूरच्या डॉक्टरला दाखवलं. घशाला काही नाही म्हणाले. मग मी कांताला कडेवर घेऊन सिद्धम्माचं गाव शोधत गेले. दार आतून लावलेलं होतं अन् आत तान्हं बाळ रडत होतं. मी फटीतून बघितलं. तीस-पस्तीस वर्षांचा गडी, दाढी वाढलेली, सिद्धम्माच्या मांडीवर डोकं टाकून पडला होता. रडत होता तोच. तान्ह्या लेकराच्या आवाजात. ती त्याला थोपटत होती.

"आजी... माझ्या लेकीचं काय केलंत?"

तिनं मान वळवली नाही. "तीस वर्सं ह्याचा आवाज ऐकला न्हवता मी. शेजारीण म्हनायची, मुका हाय, मुका हाय. जा आता. तुझ्या लेकीचा आवाज नाण्यात शिरला तवा ह्याचा सुटला. मी शोधला तसा तू बी एखादा पाळणा शोध."

"म्हंजे... दुसऱ्याच्या..."

"माझ्या दारात उभी ऱ्हाऊ नको."

घरी आले तर साहेब येऊन नाणं घेऊन गेला होता. हे खुशीत होते. "साहेब म्हनला, असं वाजणारं नाणं जन्मात ऐकलं न्हाई."

"ते परत आणा. पाया पडते तुमच्या."

"सातवी शिकलेली बाई तू, अन् असलं बोलतीस? लोक हासतील." त्या दिवसापासून ह्यांनी नाण्याचं नाव काढू दिलं नाही. नंतर कळलं, साहेबानं ते पुढं विकलं. घेणाऱ्यानं आणखी पुढं. आता ते कुणाकडं आहे, सांगता येत नाही.

कांताला चौथं लागलंय. बोलत नाही. रडते, तेही नुसतं पाणी. पण कधी कधी भर दुपारी खेळता खेळता थांबते अन् मिटल्या तोंडातून चांदी वाजते. तेव्हा कळतं, कुठंतरी कुणीतरी वाजवून बघतंय. फरशीवर टाकलं की आवाज बारीक येतो, लाकडावर टाकलं की भरलेला. मला आता ओळखू येतं. मी दरवेळी मोजत बसते, तिसऱ्यांदा वाजतं का. वाजतं. अन् पोरगी मुकीच राहते. म्हणजे तिथं पाळणा नसेल. त्याचं बरं वाटावं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या गुरुवारी मात्र वाजलं नाही. कांतानं मान गच्च धरली. हात सोडवून बघितलं, तर कानाखाली नखाएवढी सरळ चीर. रक्त नाही. आत पांढरं, चमकणारं. बोट लावलं तर गार होतं.

काल तिच्याशेजारी दुसरी चीर उठली. पहिल्यापेक्षा खोल.

म्हणून हे लिहिते. वाचाल त्यांनी पुढं सांगा. उदगीर, देगलूर, नांदेड, हैदराबाद, जिथं कुणी सराफ असेल, जुनी नाणी जमवणारं असेल, त्याच्या कानावर घाला. घोडेस्वाराचं नाणं, कडेला दोन ताजे घाव असलेलं, हाती आलं तर कापसात गुंडाळून ठेवा. मी येऊन नेईन. छिन्नी लावू नका. आत काय आहे ते बघू नका. त्यात खोट नाही. मी तिची आई सांगते, अस्सल आहे.