आईचं वार्षिक उत्पन्न

रत्नागिरीच्या तारायान तळावरील कालमापन प्रयोगशाळेत त्या दिवशी वेगळेच पाहुणे आले. विद्यासाहाय्य कार्यालयाचे अधिकारी केशव पानवलकर, आणि त्यांच्यासोबत अठरा वर्षांची चित्कला गुरव.

चित्कलाला भूकंपशास्त्र शिकायचं होतं. प्रवेश मिळाला होता, पण बिनव्याजी शिक्षणकर्ज नामंजूर झालं, कारण पालकांचं वार्षिक उत्पन्न मर्यादेच्या वर. वडील नव्हते. आई हेमांगी ‘वीणा’ या तारायानावर दिशादर्शक, पगार भरघोस. तरी मुलगी मावशीकडे राहून शिकवण्या करत होती. सोमवारपर्यंत शुल्क भरलं नाही तर जागा जाणार होती. पानवलकरांना हे गणित कळेना, आणि न कळता सही करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. नसीमा काझी यांनी त्यांना समजावलं. यान प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचलं की त्याच्यावरचा काळ आपल्या मानाने संथ चालतो. याला कालमंदन म्हणतात. ‘वीणा’वर एक वर्ष जातं तेव्हा इथे सात जातात. यानातल्या माणसाला काही जाणवत नाही. सकाळचा चहा, दुपारची डुलकी, सगळं नेहमीसारखंच. पगारही यानाच्या घड्याळाप्रमाणे.

“म्हणजे पगार एका वर्षाचा,” पानवलकर म्हणाले, “आणि त्यात मुलीने सात वर्षं काढायची?”

“तेच तर. तुम्ही वार्षिक उत्पन्न विचारता. वर्ष कोणाचं, ते कुठे विचारता?”

दर एकादशीला पानवलकर कीर्तनात बुवांच्या मागे झांजा धरत. ब्रह्मलोकी गाणं ऐकायला बसलेला राजा खाली उतरतो तो इकडे युगं उलटलेली, हे आख्यान त्यांनी डोळे पुसत कितीदा ऐकलं होतं. त्यात व्यवहाराचाही प्रश्न आहे, हे आज ध्यानात आलं.

“मॅडम, त्या राजाकडून घरपट्टी किती वर्षांची घ्यायची?”

“तुम्ही वसुली खात्यातच शोभला असता,” काझी म्हणाल्या.

चित्कला हसली. मग हळूच म्हणाली, “साहेब, आई कंजूष नाही हो. तिच्या हिशेबाने ती दर महिन्याला पैसे पाठवते. मला ते सात महिन्यांनी मिळतात.”

पानवलकरांनी तिथेच बसून निवाडा लिहिला. उत्पन्न मुलाच्या पोटासाठी मोजायचं, तर ज्या घड्याळावर त्याला भूक लागते त्याच घड्याळाने मोजावं, म्हणजेच भूवर्षात. सातने भागल्यावर आईचं उत्पन्न मर्यादेच्या कितीतरी खाली आलं. वरिष्ठांनी हरकत घेतली, की उद्या कोणीही यानात बसून गरीब होईल. पानवलकरांनी उलट कळवलं, की बसू द्या. लेकराचं बालपण चुकवून जो जातो, त्याला श्रीमंत तरी कसं म्हणावं? कर्ज शनिवारी मंजूर झालं. पुढच्या एकादशीच्या कीर्तनात त्यांच्या झांजा लयीच्या पुढे धावल्या. बुवांनी मागे वळून पाहिलं, तर हे आपले हसतायत.

पुढे चित्कला भूकंप केंद्राची संचालक झाली. कर्ज फिटलं. पानवलकर निवृत्तीला टेकले, तेव्हा एका सकाळी दोन बायका बहिणींसारख्या खिदळत त्यांच्या टेबलाशी आल्या. हेमांगी कायमची परतली होती आणि लेकीकडे राहत होती. इतका काळ एक हिरवं पान दिसलं नाही, आता वनस्पतिशास्त्र शिकायचं, असं ती म्हणाली. तिचा कर्जाचा अर्ज मात्र यंत्राने परत फेकला होता.

पानवलकरांनी कारण पाहिलं. त्यांच्याच निवाड्यावरून पुढे कायदा नव्याने लिहिला गेला होता. उत्पन्न भूवर्षात मोजायचं आणि वय देहवर्षांत, म्हणजे जो जितकी वर्षं जगला तितकं. घरात जो वयाने मोठा आणि कमावता, तो पालक. त्यांनी दोघींची वयं मांडली आणि चष्मा काढून ठेवला.

“चित्कला, तू आईपेक्षा आठ महिन्यांनी मोठी आहेस. पालक तू. आणि तुझं उत्पन्न मर्यादेच्या वर आहे.”

“म्हणजे हिच्या पगारापायी मला कर्ज नाही?” हेमांगीने विचारलं.

“नाही,” पानवलकर म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

चित्कलाने पेन उचललं होतं. “मी भरते सगळं शुल्क. पण तास बुडवलेले चालायचे नाहीत, आधीच सांगते.”

पालकाच्या रकान्यात तिने सही केली. हेमांगी हात बांधून शहाण्यासारखी उभी होती.

“बरं,” ती म्हणाली, “डब्यात काय देशील?”